चांदीच्या पोटातली पन्नी

मु. बोरखेडी, ता. अकोट, जि. अकोला
१८ एप्रिल १९६९

तीर्थस्वरूप देवमनदादा आणि सुंदरावहिनी यांना धाकट्या केशरचा मनापासून जयभीम.

तुमचं कार्ड पोचलं. अमरावतीला सरकारी क्वार्टर मिळालं, नळ घरातच आहे आणि खिडक्यांना गज आहेत हे वाचून फार बरं वाटलं. वहिनींचे गुडघे उन्हाळ्यात तरी ऐकतात का, ते कळवावं. निरगुडीचा पाला इथे शेताच्या धुऱ्यावर, बांधावर पुष्कळ आहे, येणाऱ्या माणसाबरोबर पाठवीन. (येणारा माणूस कोण, ते पुढे येईल.) आमच्या शालूची परीक्षा झाली. पेपर बरे गेले म्हणते. ती बरे म्हणते म्हणजे चांगलेच गेले असणार, कारण ह्या बाबतीत ती बापावर गेलेली नाही. बाप "बरं हाय" म्हणतो तेव्हा घरात काहीतरी जळालेलं असतं.

इकडचं म्हणाल तर सगळं छान आहे. ज्वारी घरात आली, कापूस जिनात गेला, परवाच्या जयंतीला लाऊडस्पीकर आणला होता आणि तो शेवटपर्यंत चालला. मधल्या काळात म्हशीचं ऑपरेशन झालं, तुमच्या जावयांचं खुशालरावांशी भांडण झालं नि मिटलं, आणि घरात एक नवी बाज आली. एवढंच. कार्डावर हे मावलं असतं, पण तुम्ही लगेच उलट कार्ड टाकून "कसलं ऑपरेशन?" म्हणून विचारलं असतं. म्हणून पाकीटच घेतलं. आता पाकीट घेतलंच आहे तर पहिल्यापासून सांगते.

गेल्या खरिपात आम्ही हायब्रीड ज्वारी पेरली, हे तुम्हाला ठाऊक आहे. (तुम्हीच म्हणाला होतात, पेरा. मी काही बोलत नाही.) त्या ज्वारीला युरिया लागतो. अकोटहून युरियाची पोती आली. पोतं तागाचं, नेहमीसारखं. पण ते उसवलं तर आत आणखी एक पिशवी निघाली. पांढुरकी, गुळगुळीत, हातात धरली की सळसळ करणारी. आमच्याकडे तिला पन्नी म्हणतात. तुमच्या कचेरीत प्लास्टिक म्हणत असतील. खत शेतात गेलं, पोत्यात तुरी भरल्या, आणि पन्नी राहिली तुमच्या जावयांच्या हातात. (शालू म्हणते, पत्रात नवऱ्याचं नाव लिहिलं तर काही होत नाही. तर लिहिते: जानराव. हे पुढे समजायला लागणार आहे म्हणून लिहिलं, नाहीतर लिहिलं नसतं.)

दादा, ह्या माणसाचा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. तुटकी चप्पल, मोडका कंदील, विरलेला दोर, काहीही टाकून म्हणून द्यायचं नाही. अशा माणसाच्या हातात पाणी न शिरणारी, न फाटणारी, न कुजणारी वस्तू आली आणि तीही फुकट. त्या दिवशी जेवताना ती पन्नी मांडीवर होती. दुसऱ्या दिवसापासून वापर सुरू झाला. मिठाच्या मडक्यावर पन्नी, हळदीच्या डब्यात पन्नी, छपराच्या गळक्या जागी पन्नी, शालूच्या वह्यांना पन्नी. श्रावणात झड लागली तेव्हा पन्नीची खोळ करून डोक्यावरून घेतली आणि बैल जुंपून डवरणीला निघाले. लोक घोंगडी पांघरून ओलेचिंब आणि आमचे हे कोरडे ठणठणीत. पण बैलांनी मालक असा चकचकीत झालेला कधी पाहिलेला नव्हता. खोळ वाऱ्यावर सळसळली मात्र, दोघेही जू मोडून जे सुटले ते थेट खुशालरावांच्या कपाशीत जाऊन उभे राहिले.

खुशालरावांची ओळख तुम्हाला नव्याने द्यायला नको, पण वहिनींना सांगते. त्यांच्या शेताला आमचं शेत लागून आहे, मधे फक्त धुरा. ज्या दिवसांत गावातली माणसं आमच्या वस्तीत पाय ठेवायला कचरत, त्या दिवसांत हा माणूस आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि म्हणाला, चहा टाक वो बाई. तो चहा त्यांनी सगळ्या गावासमोर प्यायला, आणि त्यानंतर रोज प्यायला. (साखर जास्त लागते त्यांना.) तर त्या दिवशीही त्यांनी बैल आणून दिले, मोडलेल्या कपाशीबद्दल अवाक्षर काढलं नाही, फक्त एवढं म्हणाले, "जानराव, बैलाईले सांगून तरी ठेवा लागत होतं ना, का आज मालक पन्नीत येऊन राहिला म्हणून."

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण पन्न्या वाढत गेल्या. गावात ज्यांनी ज्यांनी युरिया आणला त्यांनी पन्न्या उकिरड्यावर फेकल्या, आणि ह्यांनी त्या गोळा केल्या. विहिरीवर धुवायच्या आणि धुऱ्यावरच्या बाभळीच्या काट्यांवर वाळत घालायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, शेतात बगळे उतरलेत. वाळल्या की त्यांत गुरांना घालायची सरकीची ढेप भरून ठेवायची, म्हणजे ती ओल धरत नाही. ढेप संपली की पन्नी पुन्हा धुवायची. आणि आपली पन्नी ओळखू यावी म्हणून प्रत्येकीवर डांबराने ठसठशीत अक्षर काढायचं: जा. म्हणजे जानराव.

दिवाळीच्या सुमाराला काट्यांवरच्या दोन पन्न्या नाहीशा झाल्या. दोन पन्न्या! मी म्हटलं, वाऱ्याने गेल्या असतील. हे म्हणाले, वारा एवढा हिशेबी नसतो. धुऱ्याच्या पलीकडे बघितलं तर खुशालरावांच्या सरकीच्या ढिगावर पन्नी झाकलेली. (ती त्यांची स्वतःची होती. त्यांनीही युरिया आणला होता. हे मला कळत होतं, शालूला कळत होतं, आमच्या चांदी म्हशीलाही बहुधा कळत होतं.) हे गेले आणि त्यांच्या ढिगावरची पन्नी उलटी करून डांबर शोधू लागले. डांबर नव्हतं. तर म्हणाले, "पुसलं असन."

बस्स. एवढा एक शब्द. खुशालरावांचा चेहरा मी पाहिला, दादा. रागावले असते तर चाललं असतं. ते रागावले नाहीत, नुसते उठले आणि घरी गेले. त्या दिवसापासून आमच्या ओट्यावर येणं बंद. पहिले काही दिवस मी सवयीने एक कप जास्त टाकत होते आणि तो जास्त साखरेचा चहा हे तोंड वाकडं करून पीत होते. चूक झाली असं वाटत होतं का? वाटत असणार. पण जानरावांना चूक कबूल करायला लावायची म्हणजे बाभळीला वाकवून दारातून आत घ्यायचं. खुशालरावांची मैनाबाई आणि मी विहिरीवर भेटायचो, बोलायचो. आमचं काही भांडण नव्हतं. ती म्हणायची, "घरात धड जेवत नाईत वो. रोज चहाच्या टायमाले अंगणात येरझाऱ्या मारतेत."

मग पौषात आमची चांदी आजारी पडली. (कपाळावर पांढरा ठिपका म्हणून चांदी. शालू लहान असताना घरात आली, तिच्याच दुधावर शालू वाढली. दुधाचं सोडा, ही म्हैस मला माणसासारखी आहे.) चारा सोडला, रवंथ बंद केलं, डावी कूस ढोलासारखी फुगली. ओवा, हिंग, गोडं तेल, सगळं पाजून झालं. अकोटचे गुरांचे डॉक्टर येऊन बघून गेले. म्हणाले, पोटात काहीतरी अडकलंय, अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात पोट उघडतील तर वाचेल, इथे नाही. तोवर चांदी खाली बसली होती आणि मान टाकायला लागली होती. अकोल्याला न्यायची कशी? चालवत नेता येत नाही, बैलगाडीत मावत नाही. हे गोठ्याच्या दाराशी डोकं धरून बसले. मी पदराने चांदीचे डोळे पुसत होते आणि माझेही.

तेवढ्यात रस्त्यावर ट्रकचा आवाज. कापसाच्या गठाणी नेणारा रिकामा ट्रक, आणि ड्रायव्हरशेजारी खुशालराव. मैनाबाईकडून कळलं तशी सायकल हाणत अकोटला जाऊन, जिनाच्या ओळखीतला ट्रक घेऊन आले होते. खाली उतरले, ह्यांच्याकडे बघितलंही नाही, सरळ चांदीजवळ जाऊन बसले. फळ्या लावल्या, गावची माणसं लागली, आणि जोर करून चांदीला वर चढवली. मी तिच्या तोंडाशी बसले, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला खुशालराव, मधे म्हैस. बोलणं तर बंद. पण ट्रकमध्ये म्हैस सांभाळायची म्हणजे बोलल्याशिवाय कसं होणार?

थोड्या वेळाने खुशालराव म्हणाले, "चांदे, तुह्या मालकाले म्हण, दोर ढिल्ला कर. फास बसून राहिला."

ह्यांनी दोर सैल केला. मग घसा खाकरून म्हणाले, "चांदे, त्याईले म्हण, तिकडून पोतं सरकवा. तुले रुतत असन."

दादा, अकोला येईपर्यंत हे असं चाललं. चांदी बिचारी मरणाच्या दारात, आणि दोन्हीकडून तिला निरोप. ड्रायव्हरने मधे एकदा थांबून मागे डोकावलं आणि मला विचारलं, बाई, ह्या दोघाईपैकी आजारी कोण हाय? मी हसले. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा, आणि तेही अशा वेळी. हसू आवरेना, रडूही आवरेना.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, पण हाताचे सराईत. चांदीला खोड्यात उभी केली, कुशीला सुया टोचून बधिर केलं आणि चीर दिली. मी डोळे झाकले होते, पण बोटांच्या फटीतून सगळं बघितलं. डॉक्टरांनी खांद्यापर्यंत हात आत घातला आणि ओढायला सुरुवात केली. आधी सुतळीचा गुंता आला. मग चिंध्या. आणि मग, दादा, पन्नी. लांबच लांब, गुंडाळलेली, शेणाने माखलेली, पण जशीच्या तशी. एक भोक नाही, एक चीर नाही. म्हशीचं पोट कडबा पचवतं, पऱ्हाट्या पचवतं, शालूची एक चप्पल ह्याच म्हशीने पचवलेली मी स्वतः पाहिली आहे. पण ह्या पन्नीला तिथे काहीसुद्धा झालेलं नव्हतं. पाठोपाठ दुसरी आली. डॉक्टरांनी ती पाण्यात खळबळली, उजेडात धरली आणि म्हणाले, "हिच्यावर 'जा' असं लिहिलंय. कुठे जा?"

पहिल्या पन्नीवरही तेच. ढेपेचा वास लागला म्हणून चांदीने काट्यांवरून ओढून दोन्ही गिळल्या होत्या. त्या गठाणीच्या ट्रकमधून आम्ही चोराला मधे बसवूनच अकोल्याला आलो होतो, आणि ज्याच्यावर आळ घेतला तो त्या चोराच्या पाठीला टेकू देऊन बसला होता.

डॉक्टर टाके घालत होते. ह्यांच्या तोंडातून आवाज आला, अगदी बारीक. "चांदे," हे म्हणाले, "त्याईले म्हण, माहं चुकलं."

खुशालराव तसेच चांदीच्या कपाळावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले, "तिले काहून सांगता? तिचं पोट फाडून राहिले अठी. मले सांगा ना."

"चुकलं," हे म्हणाले.

"आता सांगितलं ना? मंग झालं. चहा पाजा. तीन महिने झाले, चव गेली तोंडाची."

दवाखान्याबाहेरच्या टपरीवर दोघं चहाला गेले. म्हैस आणि मी आत. जाता जाता हे मागे वळले. मला वाटलं, माझ्यासाठी चहा आणू का म्हणून विचारतील. तर डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, त्या पन्न्या फेकू नका. धुतल्या का चालतेत."

डॉक्टरांनी हातातली सुई थांबवली. पण रागावले नाहीत. दोघंही परत आल्यावर त्यांना समोर उभं करून समजावलं. ही पन्नी कुजत नाही, पचत नाही. ढेपेचा, मिठाचा वास लागला की गुरं खातात. आज एक म्हैस आली, गावोगाव युरिया पोचला की रांग लागेल. तेव्हा उकिरड्यावर टाकू नका, उघड्यावर ठेवू नका. हे मान डोलावत होते आणि पन्न्या पिळत होते.

चांदी वाचली. आता दूध पूर्वीइतकं देते. कुशीवर लांब व्रण आहे, तो ती उगाचच सगळ्यांना दाखवत फिरते.

गावी आल्यावर दोघांनी सगळ्या वस्तीतल्या, गावातल्या पन्न्या गोळा केल्या. पाटलाच्या उकिरड्यापासून बौद्ध वाड्याच्या नाल्यापर्यंत. काट्याकुट्यांत अडकलेल्या काठीने काढल्या. लोक हसले, पण खुशालराव ज्याला त्याला चांदीचा व्रण दाखवायला घेऊन यायचे, मग हसणं थांबायचं. पुढे प्रश्न आला, ह्या पन्न्यांचं करायचं काय? आधी एक जाळून बघितली. काळा धूर झाला, असा घाण वास सुटला की आळीतल्या मनकर्णाबाईंनी दोन दिवस आमच्याशी अबोला धरला, आणि वितळलेला थेंब खुशालरावांच्या नव्या बुटावर पडून भोक पडलं. मग पुरून बघितल्या. शेणखताच्या खड्ड्यात खोल घातल्या, वर शेण, वर पाला. आता उन्हाळ्यात खताच्या गाड्या भरायला खड्डा उपसला. पाला कुजला, चिंध्या कुजल्या, आणि पन्न्या निघाल्या नव्या नवरीसारख्या. 'जा'सुद्धा पुसलेलं नव्हतं. पण त्या जायलाच तयार नव्हत्या.

ह्यांनी कपाळाला हात लावला. खुशालराव मात्र बसले आणि एका पन्नीच्या पट्ट्या काढून अंबाडीसारखा पीळ घालायला लागले. चांगला दोर झाला. बैलाने ओढून बघितला, तुटला नाही. तेव्हापासून रोज चहाला आमच्या ओट्यावर दोघं पट्ट्या कापतात, पीळ घालतात आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर बोलतात. आधी दावी झाली, मग विहिरीचा दोर झाला, मग ह्यांच्या डोक्यात बाज आली. जुन्या बाजेची चौकट घेतली आणि पन्नीच्या दोराने विणून काढली.

बाज दिसायला सुंदर आहे, खोटं कशाला सांगू. पांढरी, मधेमधे डांबराचे काळे ठिपके. पण दादा, तिच्यावर बसलं की ती किर्र करते. कूस बदलली की किर्र किर्र. भर उन्हाळ्यात दुपारी पाठ चिकटते. सुती चादर टाकली तर चादर घसरते, आणि चादरीबरोबर माणूस. अकोटचे आमचे चुलतसासरे एक दुपार तिच्यावर झोपले आणि उठून थेट एस.टी. स्टँडवर गेले. घरात पाय ठेवायला जागा नाही आणि मधे ही. मी काही बोलत नाही. घरात हसणं परत आलंय, ओट्यावर माणूस परत आलाय, चांदी रवंथ करते आहे. ह्यापलीकडे मला काय हवं?

वहिनींना, मुलांना जयभीम सांगावा. तब्येतीला जपावं, आणि निवांत वेळ मिळेल तेव्हा चार ओळी लिहाव्या.

आपली,
केशर

ता. क. : ही बाज तुमच्यासाठी विणली आहे. नव्या क्वार्टरमध्ये दादांना खाट लागेल, असं ह्यांनी विणायला घेतानाच ठरवलं होतं. येत्या रविवारी एस.टी.च्या टपावर घालून खुशालराव आणि हे दोघं घेऊन येतील. निरगुडीचा पाला त्यांच्याचबरोबर. दादा, हात जोडते, नको म्हणू नका. दोघं फार हरखलेत. त्यांच्यासमोर एकदा झोपून दाखवा आणि किर्र वाजलं तर ऐकू न आल्यासारखं करा. एवढ्याचसाठी पाकीट घेतलं.

ता. क. (केशरच्या मालकाकडून) : देवमनभाऊ, सप्रेम जयभीम. हे पत्र मी पुरं वाचलं. बाज किर्र करत नाई, ते शालूच्या मायचं मन हाय. दुसरं असं, अमरावतीले आता दुकानात सामान पन्नीत देऊन राहिले म्हने. तुमी कचेरीतल्या सगळ्याईले सांगून ठेवा, एकही फेकू नका. आमी येतांना रिकाम्या हाताने येत नाई, जातांनाही रिकाम्या हाताने जानार नाई. खुशालराव म्हनतेत, भारी पोतं बांधून ठेवा. जानराव.

ता. क. : हे पाकिटाला लावायला डिंक आणायला गेलेत, तेवढ्यात लिहिते. वहिनी, बाज तुम्हाला आवडली नाही तर कुणाला देऊन टाकू नका. परत पाठवा. पंधरा दिवस मी तिच्यावरच झोपते आहे. कानाला आता त्या किर्रची सवय झाली, आणि अशी झोप मला माहेर सोडल्यापासून लागली नव्हती.